रोहितांच्या तळ्याला नवा कारभारी

दोस्तांनो, सातारा जिल्ह्याचा नकाशा समोर घ्या. पश्चिमेच्या टोकाला महाबळेश्वर सापडेल. तिथं वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो. आता बोट हळूहळू पूर्वेला सरकवा. कोरेगाव, खटाव ओलांडून माण तालुक्यात आलात, की पाऊस उरतो जेमतेम साडेचारशे-पाचशे मिलिमीटर. म्हणजे दहावा हिस्सासुद्धा धड नाही! जिल्हा एकच, पण एका टोकाला छत्री वाळत नाही, नि दुसऱ्या टोकाला छत्री उघडायची वेळ येत नाही.

या कोरड्या टोकापासून पुढं माणदेश पसरला आहे. कुळकजाईच्या डोंगरात उगम पावलेली माणगंगा दहिवडी, म्हसवड, आटपाडी करत सांगोल्याकडं जाते. तिच्या काठचा मुलूख आणि त्याला लागून असलेले खटावचे माळ म्हणजे बाजरी-ज्वारीची रानं, बाभळी, खिल्लारी बैल आणि मेंढरांचे कळप. अशा ठिकाणी लांब पायांचे, गुलाबी पंखांचे पाणपक्षी शेकडो कोस उडत येतात, असं कुणी सांगितलं तर तुम्ही म्हणाल, ‘काहीतरीच काय!’ पण ते खरं आहे.

दहिवडीहून विट्याच्या रस्त्याला लागलं, की खटाव तालुक्यातलं मायणी लागतं. इथं चांद नावाची छोटी नदी आहे. ती पुढं येरळेला मिळते आणि येरळा सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळजवळ कृष्णेला. इंग्रजांच्या अमदानीत या चांद नदीला बांध घालून तलाव केला गेला. हेतू एकच, शेताला पाणी मिळावं. पाखरांचा विचार तेव्हा कुणाच्या मनातही नसेल. पण पाखरांनी तलाव हेरला! हिवाळ्यात इथं रोहित पक्षी उतरू लागले आणि मायणीचं नाव पक्षीप्रेमींच्या तोंडी झालं.

रोहित म्हणजे फ्लेमिंगो. याला अग्निपंखही म्हणतात. उंची चार-पाच फूट, म्हणजे जवळजवळ तुमच्याएवढी. याची जेवायची तऱ्हा मोठी गमतीची. मान खाली घालून हा चोच चक्क उलटी करतो, जिभेनं पाणी आत ओढतो आणि चोचीच्या कडांवरच्या बारीक चाळणीतून ते बाहेर टाकतो. आत राहतात शेवाळाचे कण, बारीक कोळंबी, किड्यांच्या अळ्या. पंखांना गुलाबी रंग येतो तो याच खाण्यातल्या रंगद्रव्यांमुळं. पिल्लू जन्मतं तेव्हा राखी रंगाचं असतं!

आता एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. अशा जेवणाला पाणी लागतं उथळ, आणि तळाशी चिखल. पाणी फार खोल झालं, तर रोहिताची चोच तळाला पोचत नाही. पाणी आटलं, तर जेवणच संपलं. म्हणजे रोहिताचं तळं ना काठोकाठ भरलेलं हवं, ना कोरडं ठाक.

मायणीचं घोडं इथंच अडलं. वर्षानुवर्षं गाळ साचत गेला, झुडपं माजली आणि दुष्काळात तळ उघडा पडू लागला. रोहितांनी आपला मुक्काम हलवला. अलीकडच्या वर्षांत रोहित आल्याच्या बातम्या येतात, त्या बहुतेक जवळच्या येरळवाडीच्या आणि सूर्याचीवाडीच्या तलावांवरून. पाखराला काय, उडायला आभाळ मोकळं! पण मायणीकरांना चुटपुट लागून राहिली.

मग मार्च २०२१ मध्ये एक मोठी गोष्ट घडली. राज्य सरकारनं मायणी आणि आसपासच्या तलावांचा मिळून ‘पक्षी संवर्धन राखीव’ जाहीर केला. क्षेत्र सुमारे ८.६७ चौरस किलोमीटर. शेताच्या पाण्यासाठी बांधलेल्या या तळ्यांना आता पाखरांची काळजी वाहणारा नवा कारभारी मिळाला.

‘संवर्धन राखीव’ म्हणजे काय बरं? आपल्याकडं १९७२ सालचा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. २००२ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि हा नवा प्रकार आला. अशी जागा सरकारी मालकीची असते. पण ती जाहीर करण्याआधी सरकारला आजूबाजूच्या लोकांशी बोलावं लागतं. कारभारासाठी सल्लागार समिती नेमतात. तीत वन खात्याबरोबर ग्रामपंचायतींचे, शेती आणि पशुसंवर्धन खात्याचे, तसेच निसर्गासाठी काम करणाऱ्या संस्थांचे प्रतिनिधी बसतात. ‘आजपासून सगळे बाहेर’ असा हा मामला नाही. गावाला विचारून कारभार करायचा आहे.

पण गावात काय एकच मत असतं? पक्षीप्रेमी म्हणतात, ‘झुडपं काढा, पाणी उथळ ठेवा, पाखरांना शांतता द्या.’ मेंढपाळाला आपली मेंढरं पाण्यावर न्यायची असतात. मासेमारी करणाऱ्याला जाळं टाकायचं असतं. आणि शेतकरी म्हणतो, ‘तळं भरून वाहू दे, विहिरींना पाणी येऊ दे.’ त्याचं काय चुकलं? ज्यानं उन्हाळ्यात टँकरपुढं घागर घेऊन वाट पाहिली आहे, त्याला अर्धं तळं बघवत नाही.

इथंच खरी मेख आहे. गेल्या काही वर्षांत टेंभू, उरमोडी, जिहे-कठापूर अशा उपसा योजनांनी दूरच्या नद्यांचं पाणी माण, खटाव, आटपाडीच्या शिवारांकडं येऊ लागलं आहे. कोरड्या मुलुखाला याहून मोठा आनंद कोणता? पण एखादं तळं बारा महिने तुडुंब राहिलं, तर रोहिताचा चिखलाचा काठ बुडेल. एकाच पाण्याकडं माणूस आणि पाखरू वेगवेगळ्या आशेनं बघतात. नव्या कारभाऱ्याची परीक्षा या ठिकाणी आहे. एकापेक्षा जास्त तलाव हाताशी असल्याचा फायदा इथं होऊ शकतो. एक तळं भरलेलं असेल, तेव्हा दुसऱ्याचा काठ उघडा ठेवता येईल का, हे बघता येतं.

असं कुठं जमलं आहे का? जमलं आहे की! नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मधमेश्वर हे सुद्धा शेताच्या पाण्यासाठी घातलेल्या बंधाऱ्यामागचं पाणी. पुढं ते पक्षी अभयारण्य झालं आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातली पहिली ‘रामसर’ जागा म्हणून जगाच्या यादीत गेलं. उजनी धरणाच्या काठी भिगवणला तर मासेमारी करणारेच आता पाहुण्यांना होडीतून पाखरं दाखवतात. पाखरं टिकली तर घरात चार पैसे येतात, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. आणि सातासमुद्रापलीकडं फ्रान्समध्ये कामार्ग नावाचा दलदलीचा भाग आहे. तिथं १९७० मध्ये माणसांनी रोहितांसाठी मुद्दाम एक छोटं बेट उभारलं. रोहित लगेच आले? छे! चार वर्षं बेट ओसच होतं. १९७४ मध्ये त्यांनी तिथं घरटी केली. म्हणजे सरकारी कागदावर सही झाली, की दुसऱ्या दिवशी पाखरू हजर, असं होत नसतं. तळं पुन्हा भरवशाचं झालं आहे हे पाखरांना स्वतः येऊन कळावं लागतं.

मग ते होतंय की नाही, हे आपल्याला कसं कळणार? मोजून! १९८७ पासून दरवर्षी जानेवारीत आशियातल्या कितीतरी देशांत पाणपक्ष्यांची गणना होते. आपल्या राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. ५ तारखेला मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस, १२ला डॉ. सलीम अली यांचा. त्या आठवड्यात एखाद्या मोठ्या माणसाबरोबर तुमच्या गावच्या तळ्यावर जा. भडक कपडे नकोत, आरडाओरडा नको, दगड तर मुळीच नको. वहीत तारीख लिहा, पाणी किती आहे ते लिहा, कोणती पाखरं दिसली आणि किती, ते लिहा. नाव नाही आलं, तर चित्र काढा.

तळ्यावर रोहित दिसला नाही तरी वहीचं पान कोरं सोडू नका. ‘रोहित : ०’ असं लिहा. पुढच्या एखाद्या वर्षी त्या शून्याच्या जागी दुसरा आकडा आला, तर तो किती मोठा आहे हे त्या शून्यामुळंच सगळ्यांना कळेल.