सातवी पिन

इंदापूरहून बारामतीला येताना चेक इंजिनचा दिवा पुन्हा लागला. दुतर्फा ऊस, शेजारची सीट रिकामी. 2004 ची ही गाडी दादांची. ते गेल्यापासून मीच चालवतो.

गॅरेजवाल्या मामांनी माझा ब्लूटूथ स्कॅनर बाजूला ठेवला. "ही कॅन नेटवर्कच्या आधीची गाडी. हिला के-लाइनची केबल लागते." सोळा पिनांच्या सॉकेटमधली तिची सातवी पिन त्यांनी नखानं दाखवली, कडेला हिरवट गंज चढला होता. या जुन्या पद्धतीत यंत्र आधी सेकंदाला पाचच बिट, इतक्या संथपणे इंजिनाच्या कॉम्प्युटरला हाक देतं. दोन सेकंद नुसत्या हाकेतच जातात. मग उत्तर येतं, सेकंदाला 10,400 बिटांच्या वेगानं.

ते दोन सेकंद मला फार लांब वाटले. शेवटी शेवटी दादांनाही अशीच सावकाश हाक मारावी लागायची. उत्तर यायचं, पण थांबावं लागायचं.

कोड ऑक्सिजन सेन्सरचा निघाला. नवा प्रोग्रॅमही टाकू का, मामांनी विचारलं. मामांनी सांगितलेली केबल निवडताना मी एकच बघितलं होतं: आधी मूळ प्रोग्रॅमची फाइल जशीच्या तशी उतरवून घेता यावी. बॅटरीला चार्जर लावून तेवढी घेतली. पेन ड्राइव्ह शर्टाच्या खिशात आहे. पुढचं अजून ठरत नाही.