कमरेचं ओझं

काका गेले. त्यांच्या परवान्याचं शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करायचं म्हणून काकूंनी कपाट उघडलं आणि कातडी कव्हराला मुरलेला तेलाचा उग्र वास खोलीभर झाला. मला एकदम ती पावसाळी रात्र आठवली.

काकांची धाराशिवला आडत होती. रोकड घेऊन रात्री-अपरात्री बार्शीहून एकटे यायचे. त्यांनी ०.३२ बोरचं, कानपूरच्या कारखान्यातलं रिव्हॉल्वर घेतलं. पिस्तूल चपटं असतं, बंडीखाली लपतं. रिव्हॉल्वरचं चक्र पोटाशी फुगून दिसतं. तरी काकांचं मत पक्कं होतं. काडतूस फुटलं नाही तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचं आपोआप समोर येतं. पिस्तुलात अडकलेलं काडतूस काढायला दोन्ही हात लागतात, आणि घाबरलेल्या माणसाचे हात चालत नाहीत.

भीती त्यांना वारशानं आली होती. आजोबांनी रझाकारांच्या काळातल्या रात्री निःशस्त्र काढल्या होत्या. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजेनं नळदुर्ग घेतला, त्यानंतर कुठे ते निवांत झोपले.

त्या पावसाळी रात्री दार जोरजोरात वाजलं. लाइट गेलेली. काका उठले, हात उशीखाली गेला. घोडा ओढल्याचा आवाज मी अंथरुणातून ऐकला. काकूंनी त्यांचं मनगट धरलं आणि ओरडून विचारलं, "कोण हाय?" बाहेर शेजारचा पोरगा रडत होता. त्याच्या आईला विंचू चावला होता.

लपवलेल्या शस्त्राचा विषय निघाला की आमच्याकडे प्रतापगड निघतोच. १० नोव्हेंबर १६५९. अंगरख्याखाली चिलखत, मुठीत वाघनखं. पण समोर अफजलखान येणार हे महाराजांना ठाऊक होतं. भेटीच्या अटी ठरल्या होत्या, जागा निवडली होती. काकांना दाराबाहेर कोण आहे, एवढंही माहीत नव्हतं.

२०१४ साली कानपूरनंच बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' रिव्हॉल्वर काढलं. वजन अर्ध्या किलोच्या आसपास, किंमत लाखाच्या वर. आमच्या जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या, फडाशेजारच्या कोपीत झोपणाऱ्या बाईला ते कोण देणार? हा राग माझ्या मनातून जात नाही. वरातीत हवेत गोळ्या झाडणाऱ्यांवरही तितकाच राग आहे. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनं अशा गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद ठेवली, ते योग्यच झालं.

काकांनी ते रिव्हॉल्वर कधीच झाडलं नाही. त्या रात्रीनंतर काकू रोज झोपण्याआधी, "अहो, काढा ती," म्हणून सहाही काडतुसं मागून घ्यायच्या, कुलपात ठेवायच्या आणि किल्ली स्वतःच्या कमरेला खोचायच्या. काकांनी बोर पाहिला, वजन पाहिलं. त्या शस्त्रासोबत जगायचं कसं, हे मात्र काकूंनी ठरवलं. आमचं घर त्यांच्या या शिस्तीनं सुरक्षित राहिलं.

ज्यांच्या घरी परवान्याचं शस्त्र आहे, त्यांनी काडतुसं वेगळ्या कुलपात ठेवावीत. आणि रात्री दार वाजलं, तर आधी "कोण आहे?" असं मोठ्यानं विचारावं.