नई सडकेवरून गोरखीकडे

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील नई सडकेवरून चालताना आम्हांस परक्या मुलखात आल्यासारखे वाटले नाही. बाजाराच्या गजबजाटात, हिंदी बोलांमध्ये, मधूनच एखादा मराठी बोल कानी पडे. ‘लष्कर’ हे नावही मराठी राज्याचीच खूण होय. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याखाली फौजेचा तळ दिला. पुढे तंबूंच्या जागी घरे उठली, तळाचे शहर झाले. नाव तेवढे तेच राहिले.

तेथून आम्ही महाराज बाड्यावर आलो. बाड्यालगत गोरखीचा जुना राजवाडा आहे. तो पाहताना मनात प्रश्न आला, हे राज्य चालले तरी कशाच्या बळावर? केवळ तलवारीच्या म्हणावे, तर १८४३ साली महाराजपूरच्या रणात इंग्रजांनी ती बोथट केली होती. पुढे फौज बेबंद झाली, खजिना रिता पडला. अशा वेळी दिवाणगिरी आली ती रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्या दिनकरराव राजवाड्यांकडे. त्यांनी रयतेस नागविणारे कर उठविले, पोलीस व महसूल खात्यांची घडी बसविली, आणि पगार कमी केले. त्यांत स्वतःचा पगारही कमी केला! लवकरच खजिन्यात शिल्लक पडू लागली.

ह्या दरबारात नाना धर्मांच्या माणसांना वाव होता. १८७४ साली पूर्ण झालेला जयविलास राजवाडा उभारणारे सर मायकल फिलोज हे मूळ इटलीहून आलेल्या कॅथलिक घराण्यातील होते, हे वाचून आपल्या वाचकांस आनंद होईल. माधवराव महाराजांच्या काळात ‘मजलिस-ए-आम’सारख्या सभाही निघाल्या, तरी अखेरचा शब्द महाराजांचाच असे.

१९४८ साली हे संस्थान मध्य भारत राज्यात विलीन झाले, आणि १९५६ साली मध्य भारतही मध्य प्रदेशात मिळाले. राजे गेले, दिवाण गेले. परंतु कारभार कोणाच्या ना कोणाच्या हाती राहणारच, मग तो पंचायतीचा असो, सोसायटीचा असो, की आपल्या घरचा असो. काटकसरीची कात्री प्रथम स्वतःच्या ताटाला लावतो, त्याचाच शब्द लोक मानतात. प्रभूने शिष्यांचे पाय धुऊन आपणांस हाच धडा दिला नाही काय? नई सडकेवरून परतताना आम्ही तोच मनात घोळवीत होतो.