सात दरवाजे

आईच्या अंगावरचे दागिने एकेक करून कसे गेले, याचा हिशेब मी कधी मांडला नव्हता. तो मांडायला लावला एका परक्या देवीने.

२०१८ साली बर्लिनच्या पर्गामॉन संग्रहालयात मी बाबिलोनच्या इश्तार-दरवाजापुढे उभा होतो. नेबुकद्नेझर राजाने इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात बांधलेला हा दरवाजा. कोल्डेवे या जर्मन संशोधकाने उकरून काढलेल्या विटांच्या तुकड्यांतून तो पुन्हा उभारला गेला. निळ्याशार विटांवर बैल आणि सर्पमुखी प्राणी. मिरवणुकीच्या रस्त्यावरील भिंतींवर जबडा वासलेले सिंह. सिंह इश्तारचा. शुक्राची चांदणीही तिचीच. ती प्रेमाची देवी, आणि युद्धाचीही! ही दोन खाती एकाच बाईकडे कशी, म्हणून मला हसू आले.

घरी परतल्यावर तिची कथा वाचली. असुरबनिपाल राजाच्या निनेवे येथील ग्रंथसंग्रहातल्या मातीच्या पाट्यांवर ती कोरलेली आहे. इश्तार पाताळात उतरते. तेथे तिची बहीण एरेश्किगल राज्य करते. वाटेत सात दरवाजे. प्रत्येक दरवाजात द्वारपाल एकेक वस्तू उतरवून घेतो: मुकुट, कानांतले डूल, गळ्यातली माळ, छातीवरचे आकडे, कंबरपट्टा, हातापायांतली कडी, शेवटी वस्त्र. दर वेळी ती विचारते, हे का? उत्तर एकच: येथली रीतच आहे.

येथे मी पुस्तक मिटले.

वडील अंथरुणाला खिळले त्या वर्षी आईच्या पाटल्या गेल्या. माझ्या कॉलेजला गोठ, वसतिगृहाला पुतळ्यांची माळ, शेवटच्या परीक्षेला बुगड्या. सराफ घट धरी. पदर खोचून आई विचारी, "एवढी कशी?" तो तराजूवरून नजर न काढता म्हणे, "रीतच आहे, बाई." पण ती हटत नसे. गुंजा-गुंजांसाठी भांडे. मी लाजून दुकानाच्या पायरीवर पाठ फिरवून उभा राही. ते युद्ध माझ्यासाठीच चालले होते, हे मला कळत नव्हते.

इश्तार परत येते. तिच्यावर जीवनाचे पाणी शिंपडतात आणि प्रत्येक दरवाजात जे गेले ते तिला परत मिळते.

पहिल्या पगाराच्या दिवाळीला मी आईसाठी बुगड्या केल्या. नरकचतुर्दशीच्या पहाटे, न्हाऊन आल्यावर तिने आरशापुढे बसून त्या घालून पाहिल्या. कानांची भोके केव्हाच बुजली होती.

"राहू देत," ती म्हणाली, "सुनेला होतील." आणि फराळाची ताटे वाढायला उठली.