अंधारा ठेका

मिक्सिंगच्या खोलीत येणारं गिऱ्हाईक कुठलीही भाषा बोलो, त्याची मागणी एकच असते: आवाज जरा खुलवा. म्हणजे ट्रेबल वाढवा, गाणाऱ्याचा श्वास ऐकू येऊ द्या, झांजेला चकाकी आणा. पुण्यात भावगीतांच्या रेकॉर्डिंगवर माझा हात बसला तेव्हा हेच ऐकलं, आणि टोकियोत येऊन जाहिरातींच्या जिंगल्स करू लागले तेव्हाही हेच. जन्म खुलवण्याच्या धंद्यात गेला, पण मनात घर केलं ते आवाज मिटवून घेणाऱ्या एका अल्बमने. डीजे क्रश आणि ट्रम्पेटवादक तोशिनोरी कोंदो यांचा १९९६ सालचा 'कि-ओकु'. माझ्याकडे कोणी हे मिक्स खुलवायला आणलं असतं, तर मी हात जोडून परत पाठवलं असतं.

अशा संगीताला ट्रिप-हॉप म्हणतात. हे नाव १९९४ च्या जूनमध्ये 'मिक्समॅग' या ब्रिटिश मासिकात अँडी पेम्बर्टन यांनी छापलं, आणि ज्यांच्या अंगावर ते चिकटलं त्यांतल्या अनेकांना ते मुळीच आवडलं नाही. हिप-हॉपचा ढोल घ्यायचा, पण मिनिटाला ऐंशी-नव्वद ठोक्यांपर्यंत खाली आणायचा. खाली जाड बेस, वर जुन्या रेकॉर्डवरून उचललेला एखादा तुकडा, आणि मधली जागा बरीचशी रिकामी. इंग्लंडमधलं ब्रिस्टल हे त्याचं माहेर. 'मॅसिव्ह अटॅक'चा 'ब्ल्यू लाइन्स' १९९१ चा, 'पोर्टिसहेड'चा 'डमी' १९९४ चा. 'पोर्टिसहेड'वाल्यांची एक खोड मला फार आवडते. स्वतःच वाजवलेले तुकडे ते रेकॉर्डवर छापून घेत आणि मग त्याच रेकॉर्डवरून सॅम्पल करत. नव्या वाजवण्याला मुद्दाम जुनं करणं, ही माझ्या गिऱ्हाइकाच्या बरोबर उलटी मागणी.

या संगीतातल्या अंधाराचं श्रेय लोक ब्रिस्टलच्या पावसाला देतात, टोकियोच्या रात्रींना देतात. मी कारागीर आहे, मला त्यामागचं यंत्र आधी दिसतं. आणि ती यंत्रं बव्हंशी जपानी होती. ओसाकाच्या मात्सुशिता कंपनीने 'टेक्निक्स एसएल-१२००' हा टर्नटेबल १९७२ मध्ये काढला. पट्ट्याऐवजी मोटरच थेट तबकडीखाली असल्याने हाताने थांबवलेली रेकॉर्ड सोडताच पुन्हा वेग घेत असे. १९७९ च्या दुसऱ्या आवृत्तीत वेग आठ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त करणारी सरकपट्टी आली. मूळ यंत्र घरात शांतपणे गाणी ऐकणाऱ्यांसाठी होतं, ही पट्टी मात्र डिस्कोतल्या डीजेंना डोळ्यांसमोर ठेवून आली. आणि त्यांनी तिचं सोनं केलं.

दुसरं यंत्र सॅम्पलर, म्हणजे आवाजाचा तुकडा भरून घेऊन हवा तसा वाजवणारं. जपानच्याच 'आकाई'ने रॉजर लिन या अमेरिकन अभियंत्याकडून 'एमपीसी-६०' घडवून घेतला आणि १९८८ मध्ये बाजारात आणला. सगळी मिळून त्याची स्मरणशक्ती सुमारे १३ सेकंदांची! म्हणून लोक युक्ती करत. ३३ फेऱ्यांची रेकॉर्ड ४५ वर लावून जलद भरून घ्यायची आणि यंत्रात पुन्हा संथ करायची. तेरा सेकंदांत साडेसतरा सेकंदांचा ऐवज मावतो. पण त्याची किंमत असते. हे यंत्र जेमतेम २० हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज टिपतं. संथ केल्यावर ती मर्यादा सुमारे १४,८०० वर घसरते. वरची चकाकी तिथेच गेली. शिवाय १२ बिटांचं मोजमाप असल्याने विरत जाणाऱ्या आवाजाला एक खरखरीत पोत येतो. ज्याला आपण 'मूड' म्हणतो, त्याची सुरुवात अशी काटकसरीतून झाली. पुढे स्मरणशक्ती स्वस्त झाली, गरज संपली, तरी लोकांनी तो काळोख सोडला नाही. कान त्याला सरावले होते.

क्रश म्हणजे हिदेआकी इशी, टोकियोचा, जन्म १९६२ चा. तरुणपणी तो टोळ्यांत आणि याकुझा या जपानी माफियाच्या खालच्या पायऱ्यांवर वावरला, हे त्याने स्वतःच मुलाखतींत सांगितलं आहे. १९८३ मध्ये न्यू यॉर्कच्या हिप-हॉपवरचा 'वाइल्ड स्टाइल' हा चित्रपट जपानात लागला, त्यातले काही कलाकारही टोकियोत आले. क्रशने तो पाहिला आणि टर्नटेबल घेतले. त्या काळी रविवारी हाराजुकूजवळचा रस्ता वाहनांना बंद असे आणि तिथे कोणीही येऊन वाजवावं, नाचावं अशी मोकळीक होती. योयोगी बागेच्या त्या परिसरात तो घडला. १९८७ मध्ये त्याने 'क्रश पॉसे' हा गट काढला. लंडनच्या 'मो वॅक्स' या रेकॉर्ड कंपनीने १९९४ मध्ये त्याचा 'स्ट्रिक्टली टर्नटेबलाइज्ड' काढला तेव्हा बाहेरच्या जगाला हा माणूस कळला. 'केमुरी' ही त्याची रचना त्याच अल्बमवर आहे. त्याच्या पुढच्या 'मेइसो'वर अमेरिकेतले नामांकित रॅपर आले. अल्बम चांगला आहे, पण माझ्या मते शब्द आले की क्रश थोडा मागे सरकतो, पाहुण्यांना जागा करून देणाऱ्या यजमानासारखा.

कोंदो पाहुणा म्हणून येत नाही. तो १९४८ चा, शिकोकू बेटावरच्या इमाबारीचा. क्रशहून चौदा वर्षांनी मोठा आणि वृत्तीने फ्री जॅझवाला, म्हणजे ताल आणि स्वरसंगती या दोन्हींची बंधनं झुगारून वाजवणाऱ्यांतला. जर्मन सॅक्सोफोनवादक पेटर ब्रोट्झमान यांच्या 'डाय लाइक अ डॉग' चौकडीत तो होता. तिथलं वाजवणं ऐकलं तर शेजारी दार ठोठावतील. ट्रम्पेटला तो वीज जोडे, प्रतिध्वनी पाडणारा डिले लावी, आणि वाळवंटात, डोंगरात एकटा उभा राहून वाजवी. असा माणूस क्रशच्या हलायला तयार नसलेल्या लूपवर वाजवतो, यातच 'कि-ओकु'ची सगळी गंमत आहे.

लूप म्हणजे तोच तुकडा पुन्हा पुन्हा. तो श्रोत्याची पर्वा करत नाही. कोंदोने त्याच्याशी भांडायला हवं होतं, पण तो उशिरा येतो, दोन स्वर ठेवतो आणि निघून जातो. त्या स्वरांचा प्रतिध्वनी डिलेमधून परत येईपर्यंत ढोल चारदा वाजून गेलेला असतो. बॉब मार्लीचं 'सन इज शायनिंग' इथे आहे. नावात सूर्य आहे, ऐकताना कुठे सापडत नाही. पहिल्या 'तोह-सुइ'पासूनच बेस इतका पुढे ठेवला आहे की ट्रम्पेट दुसऱ्या खोलीतून येतोय असं वाटतं. मिक्सिंगच्या दृष्टीने हे धाडस आहे. मुख्य वाद्य सर्वांत पुढे, हा आमचा पहिला धडा.

यामुळे होतं काय, तर श्रोत्याला वाकून ऐकावं लागतं. लोडशेडिंगच्या काळात दिवे गेले की दिवसभर न ऐकलेली भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यायची, तसा सुईचा चरचराट, ट्रम्पेटमधली हवा, ढोलानंतरची पोकळी हे सगळं वर येतं. म्हणून या संगीताला 'उदास' म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. उदास गाणं तुम्हाला काय वाटावं ते सांगतं. हे काहीच सांगत नाही, फक्त जागा देतं आणि वाट पाहतं.

मराठी श्रोत्याला हे अवघड जाऊ नये. उस्ताद अमीर खाँ यांच्या मारव्याने ज्यांचे कान तयार झालेत त्यांना तर नाहीच. मारव्यात पंचम नाही, षड्जावर टेकण्याचीही घाई नाही. विलंबित लयीत सूर सतत घरापासून थोडे दूर फिरत राहतात. मी बरोबरी करत नाही, रागाची वाढ आणि लूप यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण न टेकण्यातलं सुख ओळखीचं आहे.

जपानने या संगीताला आणखी एक गोष्ट दिली: ऐकण्याची शिस्त. युद्धानंतर परदेशी एलपी सामान्य माणसाला परवडत नसत, तेव्हा कॉफीच्या एका कपात तासभर रेकॉर्ड ऐकवणारी दुकानं फोफावली. टोकियोच्या शिबुयातलं 'लायन' तर त्याही आधीचं, १९२६ चं. हवाई हल्ल्यात जळालं आणि १९५० मध्ये पुन्हा उभं राहिलं. तिथे पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत लागतं, सगळ्या खुर्च्या मोठ्या स्पीकरकडे तोंड करून आहेत आणि गप्पा मारायच्या नाहीत. जॅझच्या कॅफेंमध्येही अनेक ठिकाणी हाच दंडक असे. अनोळखी माणसांनी शेजारी बसून मुकाट ऐकायचं, याची सवय असलेल्या शहरात नाचण्यापेक्षा मान डोलावण्याचं संगीत रुजलं, यात मला आश्चर्य वाटत नाही. (मध्यरात्रीनंतर गिऱ्हाइकांना नाचू देण्यावर १९४८ च्या कायद्याने बंदी होती आणि ती २०१६ मध्ये सैल झाली, हा योगायोग सांगितल्यावाचून राहवत नाही. क्लब अर्थातच पहाटेपर्यंत चालत.)

क्रशने पुढेही पुष्कळ केलं. २००४ च्या 'जाकु'मध्ये त्याने शाकुहाची ही बासरी आणि त्सुगारू शामिसेन हे तंतुवाद्य आणलं. पाश्चात्त्य समीक्षकांना तिथे 'खरा जपान' सापडला. मला मात्र तो अल्बम थोडा पाहुण्यांसाठी सजवल्यासारखा वाटतो. 'कि-ओकु'त जपानी वाद्य नाही, तरी कोंदो दोन स्वरांमध्ये जेवढा वेळ जाऊ देतो तो मला अधिक इथला वाटतो. कोंदो २०२० च्या ऑक्टोबरमध्ये गेला. क्रश अजून वाजवतो.

ऐकायचं असेल तर एक विनंती, तीही निव्वळ तांत्रिक. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. तीनशे हर्ट्झच्या खालचं तो जवळजवळ गाळून टाकतो, आणि इथला बेस साठ-सत्तरच्या आसपास चालतो. अर्धा अल्बम तुमच्यापर्यंत पोचणारच नाही. बरे हेडफोन लावा, फोनमधला 'बेस बूस्ट' बंद करा आणि ट्रेबलला हात लावू नका.