हेडसरांचं बोलावणं आणि काउन्सेलर मॅमची खोली

आमच्या वेळी शिपाई वर्गाच्या दारात उभा राहून नाव पुकारायचा आणि म्हणायचा, "हेडसरांनी बोलावलंय." आता छडी किंवा पालकांना चिठ्ठी, याबद्दल वर्गात कुणालाच शंका नसायची. मुलाला बोलावून 'तुला काही होतंय का रे?' असं कुणी विचारेल, हे आम्हाला सुचलंही नसतं.

मी १९८४ साली तालुक्याच्या गावी दहावी झालो. परीक्षेच्या आधी शाळेत 'दहावीनंतर काय?' असं एक व्याख्यान व्हायचं. पाहुणे फळ्यावर वंशावळ मांडावी तशी सायन्स, कॉमर्स, आर्ट्स, तंत्रनिकेतन, आयटीआय अशी फांदी-फांदी काढत. मागच्या बाकांवर फुल्ली-गोळा रंगलेला असे. शेवटी "शंका विचारा" म्हटलं की सगळे चिडीचूप; मग पहिला नंबरवाला सरांनी आधीच पढवलेला प्रश्न विचारायचा. आमचं मत एकच, गणिताचे दोन तास बुडाले, बरं झालं! निकालाच्या दिवशी टक्के बघून घरचे शाखा ठरवायचे आणि मुलगी असेल तर गावात कॉलेज कुठलं आहे ते बघून.

कागदावर तेव्हाही सगळं होतं. माध्यमिक शाळांत मार्गदर्शन हवं, हे मुदलियार आयोगानं १९५३ सालीच सांगून ठेवलं होतं. ते आमच्या एस.टी. स्टँडवर कधी उतरलं नाही, एवढंच.

मायेचे शिक्षक होते, नाही असं नाही. आमचे चित्रकलेचे सर पायरीवर शेजारी बसवून घरची विचारपूस करायचे. पण सरांना दुपारी सांगितलेलं संध्याकाळी बाजारात वडिलांच्या कानावर जायचं. सरांच्या मनात वाईट काही नसे, पण घरी आमची सालटी निघायची. मग मुलं सरांनाही सांगेनाशी झाली. 'तेव्हा समुपदेशक लागत नव्हते' असं माझ्या वयाची मंडळी छाती फुगवून म्हणतात. लागत होते हो! मुलं गप्प बसायची, म्हणून तुम्हाला कळलं नाही.

पुढं १९९१ पासून ठाण्यात 'वेध' ही करिअर मार्गदर्शनाची परिषद सुरू झाली आणि करिअरवर मुलांशी मोकळेपणानं बोललं जाऊ लागलं. २०१६ मध्ये राज्यात दहावीच्या मुलांची कलचाचणी आली. त्यात 'गणवेशधारी सेवा' असाही कल होता. "म्हणजे पोलीस ना?" असं विचारून खूश झालेली पोरं मी पाहिली आहेत. चाचणीनं शाखा क्वचितच बदलली, पण आपल्याला कशाची आवड आहे हे कुणीतरी विचारलं, याचंच मुलांना अप्रूप होतं. जुलै २०२५ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयानं शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांनी प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, असं बजावलं.

आताच्या मुलांना शाळेतल्या काउन्सेलर मॅमच्या खोलीबद्दल विचारा. "मॅम चांगल्या आहेत, पण तिथं गेलं की सगळे विचारतात, काय झालं तुला?" एका शाळेत ही खोली जिन्याखाली आहे, निम्म्या भागात खेळाचं सामान आणि दाराला काच. मधल्या सुट्टीत आत कोण बसलंय ते अख्ख्या शाळेला दिसतं. "ती मेंटल आहे" हा शेरा वर्गात पोचायला घंटा व्हायचीही वाट बघावी लागत नाही. दुसरी भीती आमचीच, मॅम घरी सांगतील का? जिवाला धोका असेल तर सांगावंच लागतं, हे मुलं समजून घेतात. पण प्रेमाची चिठ्ठी किंवा घटलेले मार्क व्हॉट्सअॅपवरून आईपर्यंत गेले, की ती खोली त्यांच्या लेखी बंद होते.

तरी आजची मुलं दारापर्यंत जातात, आम्ही तेवढंही जात नव्हतो. म्हणून शाळांना सांगणं एवढंच: त्या काचेला आधी पडदा लावा. आणि पालकहो, मूल त्या खोलीतून आलं असेल तर "मॅमनी काय विचारलं?" असं खोदून विचारू नका. सांगावंसं वाटलं तर ते आपणहून सांगेल.