पाने पेटीत होती

(बी. ए. भाग 3)

कळंबा म्हटले की बाहेरच्या माणसाला आधी कारागृह आठवते. आम्हा गावकऱ्यांना आधी तलाव आठवतो. संस्थानकाळात बांधलेला हा तलाव पावसाळ्यात काठोकाठ भरला, सांडव्यावरून पाणी कोसळू लागले, की लोक पोराबाळांसह बघायला जातात. आमच्याकडे पाणी हा असा कौतुकाचा विषय. पंचगंगेकाठच्या माणसाला पाणी म्हणजे काय वाटते, ते मला 2021 च्या जुलैपर्यंत कळले नव्हते.

त्या वर्षी आमची दहावीची परीक्षा झालीच नाही. करोनामुळे ती रद्द झाली आणि आम्ही सारे परीक्षेविना पास झालो. निकाल हातात पडून आठवडा होतो न होतो तोच पावसाने जोर धरला. राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट ही धोक्याची पातळी. पंचगंगा ती ओलांडून बरीच वर गेली. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला. कळंबा उंचावर, त्यामुळे आमच्या घरात पाणी आले नाही. फक्त भिंतींना ओल आली आणि दोन दिवस वीज गेली.

आमच्या पुढच्या खोलीत, त्याच ओलीच्या भिंतीशी, बाबांचा संगणक. बाबा मूळचे छापखान्यातले. तरुणपणी खिळे जुळवायचे. ऑफसेटची छपाई आली, खिळ्यांच्या केसा अडगळीत गेल्या, आणि बाबा चाळिशीत संगणकावर मराठी टंकलेखन शिकले. पुढे एक जुना संगणक घेऊन त्यांनी घरीच काम सुरू केले. लग्नपत्रिका, अर्ज, सोसायट्यांचे अहवाल, असे काहीबाही. आमचे घर त्यावर चालते.

पाणी उतरल्यावर एका सकाळी दारात चिखलीचे एक गुरुजी उभे राहिले. निवृत्त प्राथमिक शिक्षक. त्यांनी आपल्या नोकरीच्या, गावाच्या, 1989 च्या महापुराच्या आठवणी सात वह्यांत लिहिल्या होत्या. वर्षभर ते एकेक वही आणून द्यायचे. बाबा ती टाइप करून परत करायचे. चिखलीचे लोक सोनतळीला हलले तेव्हा गुरुजीही गेले. वह्या मात्र घरातल्या पत्र्याच्या पेटीत राहिल्या. पेटी पाण्यात चार दिवस होती.

"शाईचं लिखाण हो," गुरुजी म्हणाले. "नुसती निळी पानं राहिलीत. तुमच्याकडं आहे ना सगळं?"

"आहे की," बाबा म्हणाले, आणि त्यांनी संगणकाचे बटण दाबले.

पंखा फिरला. हिरवा दिवा लागला. पण पडदा काळाच. वर एक लांब शिट्टी, थोडी उसंत, पुन्हा तशीच शिट्टी. बाबांनी बंद करून पुन्हा लावला. तेच.

माझ्या पोटात गोळा आला. सगळी पाने पेनड्राइव्हवर उतरवून ठेवायचे काम बाबांनी माझ्यावर सोपवले होते. "उद्या करतो" म्हणत मी ते महिनाभर टाळले होते. हे बाबांना ठाऊक होते. गुरुजींसमोर ते एक अक्षर बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

आमच्या नेहमीच्या दुरुस्तीवाल्याच्या दुकानातच पाणी शिरले होते. तो फोन उचलत नव्हता. शेवटी मी गल्लीतल्या एका मित्राला फोन लावला. तो आमच्याच रस्त्यावरच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकत होता आणि पुरामुळे आजोळी अडकला होता.

"भावा, घाबरू नकोस," तो म्हणाला. "आणि सगळं एकदम हलवू नकोस. एका वेळी एकच गोष्ट बदल."

आधी मला वाटले, ही शिट्टी यूपीएसची. वीज गेली की तोही असाच ओरडतो. म्हणून यूपीएस काढला आणि वायर थेट भिंतीतल्या बोर्डात लावली. शिट्टी चालूच. मग पडद्याकडे वळलो. त्यावर 'नो सिग्नल' अशी अक्षरे क्षणभर उमटून जात होती. म्हणजे पडदा जिवंत होता. त्याच्याकडे काही पोहोचत नव्हते. पंखा फिरत होता, म्हणजे वीज आत येत होती. एकेक संशयित असा सुटत गेला.

"आता फोन पेटीजवळ धर," मित्र म्हणाला. त्याने शिट्ट्या ऐकल्या आणि म्हणाला, "रॅम."

मग त्याने समजावून सांगितले. संगणक चालू होताच आधी स्वतःची तपासणी करतो. पडद्यावर अक्षर दाखवायच्या आधी त्याला आपली कामाची स्मृती, म्हणजे रॅम, सापडावी लागते. तीच सापडली नाही तर काय बिघडले हे तो लिहून दाखवू शकत नाही. म्हणून शिट्टी मारतो. टाइप केलेली पाने मात्र रॅममध्ये नसतात. ती हार्ड डिस्कवर असतात. यंत्र सुरू होत नाही म्हणजे पाने गेली असे नव्हे.

बाबा कान देऊन ऐकत होते. ते म्हणाले, "म्हणजे रॅम ही आमची स्टिक. काम चाललंय तोवर खिळे तिच्यात. आणि डिस्क म्हणजे बांधून ठेवलेला फर्मा. स्टिक हातातनं पडली म्हणून फर्मा सुटत नाही."

मित्राने पाऊण तास खपून सांगितले असते ते बाबांनी दोन वाक्यांत सांगितले. गुरुजींच्या चेहऱ्यावरचा ताण तेव्हा पहिल्यांदा थोडा सैल झाला.

आम्ही वायर काढली. अंगातली स्थिर वीज जावी म्हणून पेटीच्या लोखंडाला हात लावला आणि झाकण उघडले. आत धुळीचा थर आणि त्यावर ओल. रॅमच्या दोन पट्ट्या दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या दाबून बाहेर काढल्या. त्यांच्या कडेच्या सोनेरी दातांवर काळपट डाग होते. बाबा सवयीने म्हणाले, "घासलेट आणू?" छापखान्यात खिळे त्यानेच धूत. मी घाईने नको म्हणालो आणि कंपासपेटीतले खोडरबर काढले. दात हलके घासले, तशी रबरावर काळी रेघ उमटली. खाचेतली धूळ बाबांनी आपल्या जुन्या, कोरड्या ब्रशने झाडली. खिळ्यांवर फिरलेला तो हात किती हलका आहे, ते मी प्रथमच पाहिले.

एक पट्टी बसवली. शिट्टी तीच. मला रडू फुटायचे बाकी होते. बाबांनी ती काढून दुसरी पट्टी त्याच खाचेत ठेवली आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबली. खिट्ट्या 'टक्' करून बसल्या. बटण दाबले. एकच बारीक शिट्टी झाली आणि पडद्यावर पांढरी अक्षरे आली. पाठीवर थाप मारावी तसे बाबा पेटीला म्हणाले, "शाब्बास!"

आतला तीन व्होल्टचा छोटा सेलही संपला होता, त्यामुळे तारीख दिसत होती 1 जानेवारी 2007. त्या यंत्राच्या लेखी महापूर अजून आलाच नव्हता.

फाइल उघडली. गुरुजींनी एकही ओळ वाचली नाही. एवढेच विचारले, "किती पानं आहेत?"

"एकशे ब्याऐंशी."

गुरुजी खुर्चीत टेकून बसले आणि त्यांनी चहा मागितला. तोवर त्यांनी आमच्याकडे पाणीही घेतले नव्हते.

त्या दिवशी मी तीन प्रती काढल्या, कुणी न सांगता. एक पेनड्राइव्ह गुरुजींना दिला. त्यांच्याकडे संगणक नाही. त्यांनी तो चष्म्याच्या डबीत ठेवला आणि डबी सदऱ्याच्या आतल्या खिशात. जाताना म्हणाले, "आता आठवी वही लिहायला घेतो. या पुराची."

बाबा मला त्या दिवशी रागावले नाहीत, नंतरही नाही. फक्त ते झिजलेले खोडरबर त्यांनी संगणकाच्या पेटीवर ठेवून दिले. ते अजून तिथेच आहे. धूळ पुसताना मी ते उचलतो आणि पुन्हा जागेवर ठेवतो. दहावीत मी परीक्षेविना पास झालो होतो. माझी खरी परीक्षा पुढच्या खोलीत झाली, आणि त्या परीक्षेत बाबांनी मला हात धरून वर काढले.